घंगाळावरचं नाव

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढं लिहायला हात मोकळा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, दोन लेकरांची आई असताना, मास्तरची बायको म्हणून गल्लीतून ताठ मानेनं चालत असताना, मी आमच्या आत्याबाईंच्या तांब्याच्या घंगाळावर त्यांच्या माघारी स्वतःचं नाव कोरून घेतलं. भर दुपारी. छिन्नी-हातोडीची टकटक शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून शेजारीच बसून उखळात वाळक्या मिरच्या कुटल्या. कोरणाऱ्याला शिंका, मला शिंका, दावणीच्या म्हशीलासुद्धा शिंका. जगात चोऱ्या पुष्कळ होतात, पण चोरानं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव मागं ठेवून चोरी केल्याचं मी अजून तरी ऐकलेलं नाही.

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. आमचे हे आत्ता पलीकडच्या खोलीत पेपर वाचताहेत. हे छापून आलंच, तर त्या दिवशी आजोबांचा चष्मा लपवायचा, असं नातीला सांगून ठेवलं आहे.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. घाटनांदूरला राहायच्या. मूलबाळ नव्हतं, नवरा ऐन तिशीत गेलेला. बाजाराच्या मागच्या बाजूला दोन पत्र्याच्या खोल्या, एक म्हैस, आणि गावाबाहेर विहिरीसकट पाच एकर रान. ते रान स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्या दिरांशी किती वर्षं भांडल्या, ते त्या कधी सांगायच्या नाहीत. पण सातबाऱ्याचा उतारा त्यांनी देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाठीशी उभा केलेला होता. रोज पूजेत एक फूल बाळकृष्णाला, एक उताऱ्याला. तलाठ्यानं नवा उतारा दिला की जुना विहिरीत विसर्जन करायच्या. निर्माल्यासारखा.

भांड्यावर नाव घालायची रीत आपल्याकडं काही नवी नाही. आहेर दिला की देणारा त्यावर आपलं नाव घालतो, म्हणजे घेणारा जन्मभर विसरत नाही. आत्याबाईंनी ही रीत उलटी केली होती. त्या घेणाऱ्याचं नाव घालायच्या. म्हणजे त्यांच्या मागं ते भांडं ज्याच्या घरी जायचं, त्याचं.

"माझ्या तेराव्याला भांडनं नगंत," त्या म्हणायच्या. "जेवा, हात धुवा, आपापलं भांडं उचला आन् चालू लागा."

ह्यांच्या नावाचा तांब्या होता, माझ्या दिराच्या नावाचा तांब्या होता, नांदूरघाटला दिलेल्या नणंदेच्या नावाची हातभर परात होती. एवढंच काय, नणंदेच्या पोराच्या नावाची तुपाची वाटीसुद्धा होती. आणि आत्याबाई त्या भांड्यांशी माणसांसारखं बोलायच्या. परात घासताना म्हणायच्या, "काय गं नांदूरघाटवाले, लई काळी पडलीस. सासू छळती काय?" ह्यांच्या तांब्याला म्हणायच्या, "मास्तर, बुडाला चेपलाव तुमी. बसून बसून."

लग्न होऊन आले तेव्हा मी हे पहिल्यांदा ऐकलं, आणि रात्री ह्यांना विचारलं, "आत्याबाईंच्या डोक्यावर कधी काही पडलं होतं का?"

त्यांचा राग कळायलाही ती भांडीच उपयोगाची. ज्याच्यावर राग, त्याचं भांडं फळीवर पालथं. घरात पाऊल टाकलं की आम्ही सगळे आधी फळीकडं बघायचो, मग पाया पडायचो. एकदा दिरानं रान विकून जीप घ्यायची गोष्ट काढली. तो दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता. पुढच्या खेपेला आला तर त्याचा तांब्या पालथा. त्यानं हसत हसत तो सुलटा केला आणि माठातलं पाणी घेतलं. आत्याबाईंनी तांब्या हातातून काढून घेतला, परत पालथा घातला, आणि म्हणाल्या, "ओंजळ कर." भर मे महिन्यात तो गडी ओंजळीनं पाणी प्याला. तांब्या सुलटा व्हायला पोळा उजाडला.

नावं घालायला येणारे चाचा बाजारात कल्हईचं दुकान चालवायचे. आत्याबाईंनी नावं घालून घेणं म्हणजे एक सोहळाच असायचा. चाचा उन्हाळ्यात येऊन ओसरीवर बसकूर टाकायचे, चहा व्हायचा, मग भांडं मांडीवर. एकदा नणंदेची परात घेऊन त्यांनी विचारलं, "आत्याबाई, आधी सौ. घालू का?"

"कावून?"

"घालतात सगळे."

"ती कुणाची सौ. हाय ते तिला ठावं हाय, त्याला ठावं हाय. परातीला कशाला सांगायचं? आन् उद्या काय झालं तर खोडायला तू येणार हायस का?"

चाचांनी छिन्नी उचलली. नणंदेचं तोंड मात्र एवढंसं झालं. तिला परातीवर सौ. पाहिजे होतं, नवऱ्याचं नाव पाहिजे होतं, जमलं तर सासरचं गाव पण.

त्या का असं बोलल्या ते मला पुढं कळलं. त्यांच्या लग्नातली एक कळशी होती, त्यांच्याच नावाची. नावाच्या आधी दोन बोटं जागा घासून गुळगुळीत झालेली आणि नावानंतरही तशीच. मी विचारलं तर म्हणाल्या, "मालक गेले त्याच्या तेराव्याला जावांनी बांगड्या काढल्या, जोडवी काढली. कळशीवरचं सौ. तेवढं त्यांच्या ध्यानात न्हाई आलं. मग मीच कानस घेतली आन् बसले. सौ. काढलं. म्हनलं, आता हात लागलाच हाय तर मालकाचंबी काढावं. राहिलं ते माझं." आणि कळशी डोक्यावर घेऊन पाण्याला गेल्या.  मी उठून म्हशीला पेंड घातली.

आता माझ्याकडं येते. सगळ्यांची नावं भांड्यांवर आली, माझं येईना. धाकट्या जावेचंही नव्हतं, पण तिचं मी धरत नव्हते. ती मुलखाची अबोल. यायची, धार काढायची, आत्याबाईंबरोबर रानात जायची, संध्याकाळी बांधावरची तांदुळजाची भाजी घेऊन यायची. मी तिला मनातल्या मनात 'मुकी घागर' म्हणायचे. मी थोरली. मी बोलकी. मी दहावी पास. माझं नाव नाही म्हणजे काय?

शेवटी लाज सोडून विचारलंच. "आत्याबाई, माझं नाव कशावर घालणार?"

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "दम धर, थोरले."

दम धर. हे दोन शब्द मी सहा वर्षं ऐकले. आधीच आमच्या घरी दम धरण्याचाच धंदा होता. युसूफ वडगावला ह्यांची शाळा विनाअनुदानित. अनुदान पुढच्या वर्षी येणार, हे मी लग्नात मंगलाष्टकांबरोबर ऐकलं होतं, आणि तेच पोरगी चौथीत गेली तरी ऐकत होते. हे दिवसा शाळेत फुकट शिकवायचे आणि सुट्टीत दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जायचे, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून दोन गावं सोडून. आत्याबाईंचं रान आपल्याला मिळणार, एवढ्या एका आशेवर ते माणूस उभं होतं. "मी थोरला आहे," ते म्हणायचे. "आत्या बोलत नाही, पण तिच्या मनात तेच आहे." मी मान हलवायची. पण खरं सांगू? पाच एकराचा विचार माझ्या डोक्यात कधी नीट मावलाच नाही. रान ही पुरुषांची गोष्ट, त्यांच्या नावावर यायची, त्यांच्याच नावावरून जायची. माझा जीव अडकला होता त्या घंगाळात.

काय घंगाळ होतं म्हणून सांगू! पायलीभर चिंच लागायची घासायला. दोन्हीकडं पितळी कड्या, पोटात दोन बादल्या पाणी. सगळ्या घरात बिननावाचं तेवढं एकच मोठं भांडं. त्या दिवाळीत नणंद आली, तिनं घंगाळाच्या काठावरून सबंध हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या न्हाणीत लई शोभंल हे." मला फराळ गोड लागेना.

मग त्या उन्हाळ्यात आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. धाकटीला घेऊन त्या अंबाजोगाईला गेल्या. म्हशीपाशी मी. तिसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन चाचांना बोलावून आणलं.

चाचांनी घंगाळ बघितलं, मला बघितलं. "आत्याबाईंनी सांगितलंय?"

"हो तर! त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, मी यायच्या आत उरकून घे."

"त्या तर सोता बसून घालून घेत्यात."

"डोळ्याला पट्टी आहे ना चाचा. कशा बसतील?"

एवढं पटकन खोटं मला सुचलं याचं मलाच कौतुक वाटलं. चाचांनी छिन्नी काढली. "काय घालू?" मी सगळं सांगितलं. सौ., माझं नाव, ह्यांचं नाव, आडनाव. काही राहून जायला नको.

"हलकं घालू का खोल?"

"हलकंच घाला, लवकर होईल," मी म्हणाले आणि उखळात मिरच्या ओतल्या.

पुढचं सांगितलंच आहे.

आत्याबाई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. घंगाळाची नावाची बाजू मी भिंतीकडं करून ठेवली होती. आठ दिवस गेले, पंधरा गेले. चष्मा उतरला. एक दिवस ओसरीवर बसून तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "डाक्तरनं भारी डोळा बशिवलाय. आता लई बारीक बारीक दिसतं." मी तांदळात डोकं घातलं. पण पुढं काहीच नाही. ना राग, ना प्रश्न. भांडं पालथं घालून कळवायचं, तर घंगाळ नेहमी पालथंच असायचं.

बदललं ते एवढंच, की 'दम धर' बंद झालं. आणि मी घाटनांदूरला गेले की पाया पडून उठायच्या आत आत्याबाई म्हणायच्या, "थोरले, ते घंगाळ तेवढं घास." नणंद आली तर तिला पाट, धाकटी आली तर तिला रान, मी आले की मला घंगाळ. तेरा वर्षं. राख, चिंच, काथ्या. मी मनातून चरफडायची. मला मोलकरीण समजतात, असं ह्यांच्यापाशी रडायची. घासताना नावाकडं बघायचा धीर नव्हता. पण हाताला लागायचंच की. वर्षामागून वर्षं घासून घासून सौ. गेलं. मग ह्यांचं नाव फिकट होत गेलं, आडनाव तर पार पुसलं. माझं नाव मात्र जागच्या जागी. बोट फिरवलं की खाचेत नख अडकायचं. मी म्हणायचे, काय गंमत आहे, आपल्या नावातच धातू चिवट दिसतो!

आत्याबाई गेल्या त्या तेराव्या वर्षी, पावसाळ्यानंतर, झोपेत. तेराव्याला जेवणं उरकली आणि अंबाजोगाईचे एक म्हातारे अर्जनवीस, कोर्टकचेरीचे कागद लिहिणारे, पिशवीतून नोंदवलेलं मृत्युपत्र घेऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं होतं ते जेवायला आलेत. ओसरीवर ह्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. दीर त्यांच्या शेजारी. नणंद दारात. धाकटी चुलीपाशी खरकटं काढत होती, तिला कुणी बोलावलंसुद्धा नाही.

त्यांनी वाचलं. ज्यांची नावं माझ्या भांड्यांवर आहेत त्यांनी आपापलं भांडं न्यावं, त्यांना त्यांचं पोचलं असं समजावं. विहिरीसकट पाच एकर जमीन आणि दोन खोल्या माझ्या धाकट्या भाचेसुनेच्या नावे. तिच्या एकटीच्या. भाच्याच्या नव्हे.

अर्जनवीसांनी कागदाची घडी घातली.

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं. मास्तर माणूस, धडा परत वाचायला लावला. अर्जनवीसांनी परत वाचला. धडा तोच.

"मला तांब्या?" दीर ओरडला. "सख्ख्या भाच्याला तांब्या आन् बायकूला रान? म्हातारीला येड लागलं व्हतं!"

"तुझ्याच घरात गेलं ना ते? तू कशाला बोंबलतो?" हे म्हणाले. इतक्या वर्षांत ह्यांचा आवाज मी असा ऐकला नव्हता.

"माझ्या घरात कुठं, तिच्या नावावर गेलं!"

धाकटी खरकट्या हातानं दारात आली. तिला वाटलं तिच्या हातून काही सांडलं. कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. "मी न्हाई मागितलं वो," एवढंच म्हणत होती, "देवाशपथ, मी कदीच न्हाई मागितलं." हे तांब्या न घेताच उठले आणि स्टेशनकडं चालत गेले. त्या माणसाची पाठ मी अजून विसरले नाही. दोन गावं सोडून मजुरीला जातानासुद्धा ती इतकी वाकलेली नसायची.

अर्जनवीसांना चहा द्यायला मी गेले. त्यांनी कपबशी घेतली आणि विचारलं, "थोरल्या सूनबाई तुम्हीच का?"

"हो."

ते जरा घुटमळले. "आता सांगायला हरकत नाही. ह्याच्या आधीचं मृत्युपत्रही मीच लिहिलं होतं. शब्दन्‌ शब्द हाच. फक्त नाव तुमचं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि पंधरा-वीस दिवसांत आत्याबाई आल्या, म्हणाल्या नाव बदलायचं. मी म्हटलं, काही चुकलं का सूनबाईचं? तर म्हणाल्या, चुकलं न्हाई, पण नियम तो नियम. भांड्यावर नाव आलं, तिला तिचं पोचलं."

त्यांच्या हातातला चहा संपेपर्यंत मी तिथं उभी होते. दम धर, थोरले. सहा वर्षं ती बाई मला दम धर म्हणत होती, आणि मी दम कशासाठी धरायचा ते विचारलंच नाही.

आता इतक्या वर्षांनी तुम्हाला सांगते, ते रान माझ्या नावावर आलं असतं तर मी काय केलं असतं. ह्यांनी कागद पुढं केला असता आणि मी सही केली असती. ह्यांच्या शाळेसाठी, दिराच्या जीपसाठी, कुणाच्याही एका सुस्काऱ्यासाठी. मुक्या घागरीनं केली नाही. दिरानं आदळआपट केली, महिनाभर बोलला नाही, जेवला नाही. ती ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि रानात निघून जायची. आज त्या रानात सीताफळाची बाग आहे. दर हंगामात ती आमच्याकडं पाटी पाठवते, वर फडकं बांधून. ह्यांनी पहिली दोन वर्षं त्या फळाला हात लावला नाही. तिसऱ्या वर्षी बिया ह्यांच्या उशापाशी सापडल्या. पुढं ह्यांचं अनुदानही आलं, केस पिकल्यावर का होईना. सगळं निभलं. पण निभलं म्हणून माझा गाढवपणा कमी होत नाही.

घंगाळ आता माझ्या बाल्कनीत आहे. नातीनं त्यात मनीप्लँट लावलं आहे. मुलगी परवा म्हणाली, "आई, तू पण एकदा मृत्युपत्र करून टाक." म्हटलं, करते, पण आधी तुम्ही कुणी माझ्या भांड्यांना हात लावलात का ते बघू दे.

तर त्या तेराव्याच्या दिवशी मी घंगाळ रिक्षात घातलं आणि आधी बाजारात चाचांच्या दुकानापाशी उतरवलं. चाचा थकले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी म्हटलं, "चाचा, खरं सांगा. तुम्ही आत्याबाईंना जाऊन सांगितलं ना?"

"अल्ला कसम, न्हाई. मी कशाला सांगू?"

"मग हे बघा. तुम्ही हलकं घातलं होतं. मी तेरा वर्षं घासतेय. सगळं गेलं, माझंच नाव कसं राहिलं?"

चाचांनी घंगाळ जवळ ओढलं. त्या नावावरून सावकाश अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तुमी गावाला गेल्यावर घेऊन आलत्या सोता, रिक्षात घालून. मी घाबरलो, म्हनलं खोडून देतो. तर म्हनल्या, 'खोडू नगं. पोरीचं तेवढं नाव खोल घाल. बाकीचं राहू दे, घासता घासता जाईल.'"